‘नाही’ म्हटलं, तर मी कसली ख्रिस्ती?

मिरज परिसरातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा गोषवारा देते.

ताई सत्तेचाळीस वर्षांच्या, एका दवाखान्यात स्टाफ नर्स. पगार ३८ हजार. यजमान कुपवाडच्या एमआयडीसीत, त्यांचे २४ हजार. घरी सासूबाई, फार्मसीच्या पहिल्या वर्षाची मुलगी, नववीतला मुलगा. दोघांच्या पगाराचा दशमांश पाकिटात घालून आधी बाजूला ठेवायचा, मग किराणा, हा घरचा रिवाज. त्याखेरीज धाकट्या दिराला तीन वर्षांपूर्वी रिक्षासाठी ६० हजार हातउसने दिले. ते आलेले नाहीत, आणि गेले दोन नाताळ दीरही घरी आलेले नाहीत. शेजारच्या बाईंचा नवरा पितो, म्हणून दर महिन्याला त्यांच्याकडे थोडा किराणा जातो. चर्चच्या बांधकाम निधीला १० हजारांचा शब्द दिला आहे. तिथे नावं आकड्यांसकट वाचून दाखवतात. वॉर्डातल्या पेशंटच्या नातेवाइकांना औषधाला कधी दोनशे, कधी पाचशे. दिवाळीच्या बोनसमधले १५ हजार एका सहकारी बाईंना दिले, घरी न सांगता. कारण ‘उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये’. यंदा मुलीच्या फीसाठी सोसायटीचं ८० हजारांचं कर्ज काढायची वेळ आली, तेव्हा बोनसची गोष्ट उघडी पडली. यजमान म्हणाले, “देवाला दिलंस ना, मग फीसुद्धा त्याच्याकडेच माग.”

त्यानंतर आठवड्याभरात एका नातेवाइकानं मोबाईलच्या हप्त्यासाठी पैसे मागितले आणि ताईंनी बहुधा पहिल्यांदाच नाही म्हटलं. “ख्रिस्ती म्हणवता आणि हात आखडता घेता?” असं ऐकावं लागलं. त्यातच शेजारच्या बाईंच्या कॉलेजातल्या मुलानं विचारलं, “काकू, आम्हाला चर्चला न्यायचं म्हणून देता का हे?” ताई लिहितात, “पाळकसाहेब विधवेनं दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांवर, म्हणजे नाण्यांवर, बोलले की वाटतं, मी काहीच देत नाही. घरी आले की वाटतं, मी मूर्ख आहे. मी स्वार्थी झाले आहे का? की पहिल्यापासूनच चुकत होते?”

ताई, सलाम.

मोबाईलच्या हप्त्याला नाही म्हटलंत, त्यात पाप नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

तुमच्या पत्रात लूकच्या शुभवर्तमानातलं, सहाव्या अध्यायातलं वचन खाली रेघ मारून आलं आहे: जो कोणी मागतो त्याला दे. वचन अवघड आहे आणि ते गुळगुळीत करून तुमची समजूत काढायची माझी इच्छा नाही. पण हे सांगणारा स्वतः कसा वागला, तेही त्याच शुभवर्तमानांत आहे. ‘माझ्या भावाला वतनाची वाटणी करायला सांगा’ असं एकानं मागितलं, तर येशूनं सरळ विचारलं, मला तुमच्यावर वाटणी करणारा कोणी नेमलं? जब्दीच्या मुलांनी, म्हणजे त्याच्याच दोन शिष्यांनी, त्याच्या उजवीडावीकडची आसनं मागितली, ती दिली नाहीत. कफर्णहूमात सगळे त्याला शोधत होते, तर तो म्हणाला, चला, दुसऱ्या गावांना जाऊ. पाच हजारांना भाकरी दिली. तीच माणसं भाकरीसाठी पुन्हा पाठलाग करत आली, तेव्हा त्यांच्याशी बोलणं केलं, भाकरी केली नाही. मागणाऱ्या प्रत्येकाकडे त्यानं नीट पाहिलं, पण मागितलेली वस्तू प्रत्येकाला दिली नाही.

तुम्ही मात्र मागणारा आला की देव मागतोय असं धरून चालता. ही समजूत तपासून बघावी असं मला वाटतं. पौल करिंथच्या मंडळीला लिहितो, ‘प्रत्येकाने आपापल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, दुःखी मनाने किंवा देणे भाग पडते म्हणून देऊ नये, कारण संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो.’ यातला शेवटचा तुकडा दानपेटीवर रंगवलेला असतो, पहिला तुकडा सहसा कुणी वाचत नाही. तुमच्या यादीतली कुठली रक्कम तुम्ही मनात ठरवून दिलीत? दशमांश, बस. बाकीच्या रकमा दिरांनी ठरवल्या, सहकारी बाईंनी ठरवल्या, निधीचे आकडे वाचणाऱ्या माईकनं ठरवल्या. तुम्ही फक्त पर्स उघडलीत. ज्या घरात ‘नाही’ म्हणायची सोयच नाही, तिथल्या ‘हो’ला औदार्य म्हणायला मी कचरते.

आता डाव्या हाताचं. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात ते वाक्य कुणासाठी आहे बघा. सभास्थानांत आणि रस्त्यांवर, लोकांनी वाखाणावं म्हणून आपल्यापुढे कर्णा वाजवणाऱ्यांसाठी आहे. नवऱ्यापासून बोनस लपवण्यासाठी नाही. गंमत अशी की जिथे ते वचन लागू करायला हवं, म्हणजे नावं आकड्यांसकट वाचली जातात तिथे, तुम्ही दहा हजार बोललात. आणि जिथे उघड बोलायला हवं, त्या स्वयंपाकघरात गप्प राहिलात. यजमान जे बोलले ते लागणारं आहे, पण मला त्यात देवाची थट्टा ऐकू आली नाही. “मला विचारलं का नाहीस?” एवढंच ऐकू आलं. संसारात दोघांच्या घामाचा पैसा एकानं वाटला, तर दुसऱ्याच्या वाट्याला दान येत नाही, नुसती वजावट येते.

आपल्याकडे या दुखण्याला जुनी परंपरा आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात आले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सगळे ख्रिस्तभक्त एकत्र असावेत ही त्यांची कल्पना. माणूस फार मोठा. पण त्यांच्या हाती पैसा टिकत नसे, आणि चूल पत्नी लक्ष्मीबाईंना पेटवावी लागे. त्यांच्या औदार्याच्या गोष्टी आपण कौतुकानं सांगतो, तेव्हा लक्ष्मीबाईंनाही त्या दानाचं श्रेय देत जावं, असं मला नेहमी वाटतं. तुमच्या घरी पात्रं उलटी आहेत इतकंच. दान तुम्ही करता, आणि चुलीची काळजी यजमानांना लागली आहे.

तीमथ्याच्या पहिल्या पत्रात घरच्यांची तरतूद न करणाऱ्यानं विश्वास नाकारला आहे, असं कडक वाक्य आहे. त्याच वाक्याची ढाल करून जन्मभर कुणाला कपभर चहासुद्धा न पाजणारे लोकही आपल्या मंडळ्यांत आहेत, हे मला माहीत आहे. तेव्हा कुणी हे उत्तर वाचून हुश्श करत असेल, तर हे त्यांच्यासाठी लिहिलेलं नाही. त्यांनी लूकचा सोळावा अध्याय काढावा आणि श्रीमंत माणसाच्या दाराशी पडलेल्या लाजराची गोष्ट वाचावी.

तर ताई, तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काय टोचलं ते सांगते. कुणाकुणाला काय दिलं याची यादी आहे. कुणाकडून काही घेतल्याची एक ओळ नाही. फीची अडचण आली तेव्हा तुम्ही बहिणीला फोन केला नाहीत, महिला मंडळात बोलला नाहीत, दिरांकडे साठ हजारांचा विषय काढला नाहीत. व्याज भरून सोसायटीचं कर्ज काढलंत. मागणं तुम्हाला कमीपणाचं वाटतं का? वाटत असेल, तर जे तुमच्याकडे मागायला येतात त्यांच्याबद्दल मनाच्या तळाशी काय वाटतं, तेही एकदा तपासा. बोचरं आहे, पण तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते.

येशू घेत होता. योहान्ना, सुसान्ना आणि आणखी पुष्कळ स्त्रिया आपल्या पैशाअडक्यानं त्याची सोय पाहत होत्या, असं लूक नावानिशी लिहितो. विहिरीवर त्यानं शोमरोनी, म्हणजे यहूदी लोक ज्यांना परके मानत त्या समाजातल्या, बाईकडे पाणी मागितलं, आणि बोलणं सुरू झालं ते तिथून. जकातदार जक्कयाला त्यानं उपदेश केला नाही. आज तुझ्या घरी उतरणार आहे, म्हणाला. घेणं हाही मान देण्याचा प्रकार असतो.

सांगली-मिरजेच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा सांगलीच्या गावभागातली भरल्या घरची माणसं विश्रामबाग-मिरजेकडे ओळखीच्या, बिनओळखीच्या घरांत राहिली. आयुष्यभर दुसऱ्याला वाढलेल्या बायका रांगेत उभ्या राहून चपाती-भाजी घेत होत्या. कुणाचा मान गेला? उलट त्याच पुरात लांबून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीगही पडून राहिले, कारण काय हवंय हे घेणाऱ्याला विचारायचं राहून गेलं होतं.

म्हणून दिरांची गोष्ट आधी हातात घ्या. ‘परत मिळण्याची आशा न धरता उसने द्या’ हे वचन तुम्ही तोंडाला कुलूप म्हणून वापरता आहात. पण आशा सोडलेली नाही, ताई. पत्रात साठ हजार तीन ठिकाणी येतात. सोडलं असतंत तर दिरांना तसं सांगितलं असतंत, आणि ते नाताळला आले असते. दोन वर्षं ते का आले नाहीत? माझ्या मते, तोंड दाखवायला लाजतात म्हणून. म्हणजे तुम्ही गप्प बसून त्यांच्यावर उपकार केलेले नाहीत. ते घरापासून तुटले आहेत, सासूबाईंना धाकट्या मुलाचं तोंड दिसत नाही, आणि तुम्हाला त्यांचा राग येतो तोही धड कबूल करता येत नाही. पैसे सोडून द्यायचे असतील तर यजमानांशी बोलून, मोकळेपणी, दिरांना सांगून सोडा. मागायचे असतील तर सरळ मागा. मधली ही धुमसती शांतता शास्त्रात कुठे बसत नाही. भावाशी काही बिनसलं तर जाऊन तुम्ही दोघंच असताना बोला, असं मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे.

मी तुमच्या जागी असते तर मागितले असते, आणि असे मागितले असते: “भाऊजी, पोरीच्या फीला कमी पडतंय. तुमच्या पुतणीसाठी दर महिन्याला दोन हजार जमतील का?” तीस महिन्यांत साठ हजार फिटतात. दोन जमत नसतील तर एक हजार म्हणा. हिशेब फिटेल न फिटेल, पण दीर देणेकरी म्हणून मान खाली घालून येणार नाहीत, पुतणीचं शिक्षण करणारा काका म्हणून येतील. फोन यजमानांनीच करावा, कारण भाऊ त्यांचा आहे. बोलताना जुनं काही उकरू नका आणि “आम्ही कधी मागितलं नव्हतं” हे वाक्य चुकूनही काढू नका.

आता पाळकसाहेब आणि विधवा. मार्काच्या बाराव्या अध्यायात ती गोष्ट येते त्याच्या आधीची ओळ वाचा. विधवांची घरं गिळणाऱ्या आणि दिखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांपासून जपा, असं येशू सांगतो, आणि पुढच्याच क्षणी एक विधवा आपली सगळी उपजीविका पेटीत टाकताना दिसते. तिचं कौतुक तो करतो, यात शंका नाही. पण ज्या व्यवस्थेत तिच्याजवळ घरी न्यायला काही उरलं नाही, त्या व्यवस्थेचं कौतुक त्यानं केलेलं नाही. पुढच्या अध्यायाच्या सुरुवातीलाच तो म्हणतो, या मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही. तेव्हा बांधकाम निधीसाठी तिला उभं करताना जरा बेतानं घ्यावं. पाळकसाहेबांना दोष देत नाही. गळक्या छपराखाली उपासना चालवणाऱ्याचीही काही अडचण असते.

दहा हजारांचं काय करायचं? शेत विकून काही पैसे लपवणारा हनन्या जागीच मेला, त्या गोष्टीला आपण भितो, पण तिथे पेत्र त्याला काय म्हणाला? शेत होतं तोवर तुझंच होतं, विकल्यावर पैसेही तुझ्याच ताब्यात होते. अपराध कमी देण्याचा नव्हता, कमी देऊन सगळं दिलं असं सांगण्याचा होता. म्हणून पंचकमिटीतल्या कुणाला तरी भेटून सांगा: यंदा कर्ज झालंय, दहा हजार दोन वर्षांत विभागून देऊ, किंवा पाचच देऊ. नावं-आकडे जाहीर वाचण्याऐवजी पावती द्यावी आणि वार्षिक सभेत जमाखर्च मांडावा, असंही सुचवायला हरकत नाही. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना पौलानं आणखी माणसं बरोबर घेतली होती, पैशांवरून कुणी बोट दाखवू नये म्हणून. हिशेब विचारणं म्हणजे अविश्वास, ही समजूत आपल्याकडे फार बोकाळली आहे.

दशमांशावर मी थोडक्यात बोलते, कारण यावर मंडळी-मंडळीत मतं वेगळी आहेत. तुम्हाला त्यात आनंद आहे, तो चालू ठेवा. फक्त दशमांशासाठी नेहमी वाचल्या जाणाऱ्या मलाखीबरोबर बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा चौदावा अध्यायही वाचा. तिथे तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावातच ठेवून लेवी (मंदिराची सेवा करणारे), उपरी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं असं सांगितलं आहे. पुदिना, शेप, जिरं यांचा दशमांश चोख मोजून न्याय आणि दया विसरणाऱ्यांना येशूनं चांगलंच फटकारलं होतं. महिन्याच्या सहा हजार दोनशेंपैकी काही भाग या कर्जाच्या काळात मंडळीच्याच एखाद्या गरजू घरासाठी देता येईल का, किंवा काही महिने कमी करता येईल का, हे पाळकसाहेबांना उघड विचारा. देवाला अर्पण केलं म्हणून आईबापांना काही न देण्याच्या पळवाटेवरही मार्काच्या सातव्या अध्यायात कोरडे ओढले आहेत.

आता रोजचा प्रश्न: मागायला येणाऱ्यांचं काय?

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट तुम्ही शंभरदा ऐकली असेल. एका नर्सनं ती नर्सच्या डोळ्यांनी वाचावी. त्यानं जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं, रात्रभर सेवा केली. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार दिले, अधिक खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन म्हणाला, आणि आपल्या कामाला गेला. एक दीनार म्हणजे त्या काळची मजुराची एका दिवसाची हजेरी. दोन दिवसांची मजुरी, एक ओळखीची जागा, आणि पुन्हा चौकशी करायचं वचन. त्यानं घर विकलं नाही, जखमीला जन्मभर सांभाळलं नाही, आणि सगळं एकट्यानं केलं नाही.

तुमच्या पगारात दोन दिवसांचे अडीच हजार होतात. कर्ज फिटेपर्यंत दशमांशाखेरीजचं सगळं देणं यात बसवा. महिन्याच्या सुरुवातीला यजमानांसमोर वेगळ्या पाकिटात काढा. कुणाला द्यायचं ते दोघांनी, जमलं तर मुलांनाही बसवून ठरवा. पाकीट संपलं की “या महिन्याचं संपलं” असं सांगा. ते खरं असेल, म्हणून सांगताना जीभ अडखळणार नाही. मुलांना सामील करा असं मुद्दाम म्हणते, कारण आत्ता त्यांनी दानाबद्दल जे पाहिलंय ते आईनं लपवलेलं आणि बाबा भडकलेले. मिझोराममध्ये १९१० पासून ख्रिस्ती घरांत स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ मंडळीसाठी वेगळे काढतात. लहान पोरांना तिथे दान शिकवावं लागत नाही, ती मूठ रोज दिसते.

मोठी रक्कम कुणी मागितली तर तिथल्या तिथे उत्तर देऊ नका. “घरी बोलून परवा सांगते” एवढं म्हणा. खरी नड असलेला माणूस परवापर्यंत थांबतो किंवा का थांबता येत नाही ते सांगतो. दवाखान्यातली आणीबाणी सोडा, तिथे परवा चालत नाही. मोबाईलचा हप्ता परवापर्यंत निश्चित थांबतो. आणि नाही म्हणायचं असेल तर ‘नाही’ म्हणा. कारणांची माळ लावलीत की समोरचा एकेक मणी ओढत बसतो.

पेशंटच्या नातेवाइकांच्या बाबतीत तुमच्याजवळ पैशापेक्षा मोठी वस्तू आहे, ती म्हणजे माहिती. तुम्ही दोनशे रुपये देता तेव्हा एक दिवसाची औषधं येतात. पण महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात, हे किती जणांना ठाऊक असतं? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो, त्याला कुठे गाठायचं, रेशनकार्ड आणि आधार आणायला गावी कुणाला पिटाळायचं, हे तुमच्याइतकं कोण सांगेल? ड्यूटी संपल्यावर एखाद्या गांगरलेल्या म्हाताऱ्याला त्या टेबलापर्यंत नेऊन सोडलंत, तर त्याचे हजारो वाचतील. मिरजेला तर हे नवं नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी इथे १८९४ मध्ये रुग्णालय उभं केलं. आज वानलेसवाडी म्हणताना ते माणसाचं नाव आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. आल्या-गेल्याला खिशातून पैसे देत राहिले असते, तर त्यांच्यामागे काही उरलं नसतं. त्यांनी उतारशाळा बांधली.

शेवटी शेजारचा मुलगा. त्याचा प्रश्न तुम्हाला अपमान वाटला. मला तो मुलगा आवडला. घरी येणाऱ्या डाळ-तांदळाची किंमत कुणी तरी आपल्याकडून वसूल करणार, ही त्याची भीती त्याच्या स्वाभिमानातून आली आहे. दुष्काळाच्या काळात ख्रिस्ती झालेल्या घरांनी ‘पोटासाठी बाटले’ हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं. तुमच्या आजोळीही ऐकलं असेल. तेव्हा त्याला बसवून सरळ सांगा, “नाही बाबा. तुम्ही आलात काय, न आलात काय, याचा त्याच्याशी संबंध नाही.” आणि मग तसंच वागा. किराण्याच्या पिशवीत पत्रकं नकोत, नाताळच्या कार्यक्रमाला आग्रह नको. येशूनं दहा कुष्ठरोगी बरे केले, परत एकच आला, तोही शोमरोनी. उरलेल्या नवांचं बरेपण त्यानं काढून घेतलं नाही.

त्या घरासाठी देण्याची पद्धतही बदलून बघा. रूथच्या पुस्तकात शेतमालक बवाज गरीब विधवा रूथला पोतं भरून घरपोच पाठवत नाही. गड्यांना सांगतो, पेंढ्यांतून काही कणसं तिच्यासाठी मुद्दाम टाका आणि तिला वेचू द्या, धमकावू नका. भुईमूग काढून झाल्यावर सरवा वेचणाऱ्या बायका आपल्या भागात आजही दिसतात. त्या मागत नाहीत, वेचतात. रूथ संध्याकाळी आपल्या मेहनतीचं धान्य घेऊन सासूकडे गेली. तुमच्या शेजारणीला काय येतं? तुमची ड्यूटी असते तेव्हा दुपारी सासूबाई एकट्या असतात असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्याकडे लक्ष ठेवायला, वेळेवर गोळी द्यायला त्यांना विचारा आणि त्याचे ठरवून पैसे द्या, पाकिटातूनच. त्यांनी पुरणपोळी आणली तर “कशाला त्रास घेतलात” म्हणून परत करू नका; बसून खा, आणखी एक मागा. आणि नवरा नुसता पीत नसून हात उचलत असेल, तर किराणा हा त्यावरचा इलाज नाही. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, तातडीला ११२ आहे. हे दोन आकडे त्यांच्या फोनमध्ये तुम्ही स्वतः घालून द्या.

पहिल्यांदा कुठून सुरुवात करायची, तर यजमानांपासून. येत्या सुट्टीला चहा ठेवून बसा आणि सगळे आकडे कागदावर मांडा, सहकारी बाईंचे पंधरा हजारसुद्धा. ते काही टोचून बोलतील, बोलू द्या. मग त्यांना विचारा, “तुम्हाला कुणाला द्यावंसं वाटतं?” इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नसावं. कदाचित त्यांच्याही मनात कंपनीतलं कुणी असेल.

हे उत्तर पाळकसाहेबांना दाखवायला माझी ना नाही. त्यांचं म्हणणं वेगळं असेल तर त्यांनी जरूर लिहावं, याच सदरात छापू.